गळतीची पैसेवारी

सप्टेंबर महिना सरत आला, की आमच्या नरखेड तालुक्यात पावसाच्या जोडीने आणखी एका विषयाची चर्चा सुरू होते. तो विषय म्हणजे पैसेवारी. कपाशी अद्याप शेतात उभी असते, बोंडे फुटावयाची असतात, सोयाबीनच्या शेंगेत दाणा किती भरला हे मळणी झाल्याखेरीज कळावयाचे नसते. तरीही गावचे पीक रुपयास किती पैसे आले, याचा पहिला आकडा ३० सप्टेंबरला कागदावर यावा लागतो. या आकड्याला ‘नजरअंदाज’ पैसेवारी असे मोठे प्रामाणिक नाव आहे. पुढे ऑक्टोबरअखेर ती सुधारली जाते आणि विदर्भात डिसेंबरअखेर अंतिम ठरते. आकडा ५० पैशांच्या खाली आला, तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी. वर राहिला, तर यांपैकी काहीच नाही. तालुक्यातील शेतकऱ्याला, त्याच्या मुलाला शिकविणाऱ्या शिक्षकाला आणि ते तक्ते भरणाऱ्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. नजर आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांच्यामधील दोन-चार पैशांच्या अंतरात एखाद्या घराचे सारे वर्ष बुडू शकते.

हे आठवण्याचे निमित्त वर्गात घडले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी अर्थशास्त्रातील ‘बाह्य परिणाम’ हा भाग शिकवीत होतो. उत्पादकाच्या ज्या कृतीचा भुर्दंड तिऱ्हाइताला पडतो आणि जिचा खर्च बाजारातील किमतीत उतरत नाही, ती कृती म्हणजे बाह्य परिणाम. याचे ठरलेले उदाहरण म्हणजे गिरणीचा धूर. मी त्याच्या जोडीला दुसरे उदाहरण दिले : तेल आणि नैसर्गिक वायू काढताना होणाऱ्या मिथेनच्या गळतीचे. फळ्यावर एक-दोन आकडेही लिहिले. तेव्हा मोवाडकडून रोज येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ही गळती कुणी मोजली? की हीसुद्धा नजरअंदाजच?”

मुले हसली. मलाही हसू आले. परंतु घरी आल्यावर ध्यानात आले, की मुलाने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. जगभर गेली दहा-पंधरा वर्षे या विषयातील तज्ज्ञ जो वाद घालीत आहेत, तो याच एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. आणि तो प्रश्न विहिरी जेथे आहेत तेथल्याइतकाच आपल्याकडेही विचारला जाणे आवश्यक आहे.

युरियाच्या पोत्यातील मिथेन

नरखेडला तेलविहीर नाही, वायूही निघत नाही. मग येथल्या माणसाने याची काळजी का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेताच्या बांधावर ठेवलेल्या युरियाच्या पोत्यात आहे. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन लागतो आणि आपल्या देशात तो हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, म्हणजे मिथेनपासून मिळविला जातो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये तेलाचा शोध लावला आणि मे १९७६ मध्ये मुंबई हायचे तेल प्रत्यक्ष निघू लागले. तेलाबरोबर वायूही वर आला. त्याच वायूच्या बळावर १९८० च्या दशकात अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा कारखाना उभा राहिला. ‘उज्ज्वला’ आणि ‘सुफला’ ही नावे आमच्या भागातील संत्र्याच्या बागाईतदाराला निराळी सांगावी लागत नाहीत. आता तर समृद्धी महामार्गाच्या कडेने गेलची वायुवाहिनी मुंबईहून थेट नागपुरापर्यंत आली आहे. तेव्हा मुंबई हायच्या वायूशी आमचा संबंध दूरचा असला, तरी तो नात्यातला आहे.

प्रारंभीच्या काळात या वायूचे करायचे काय, हाच प्रश्न होता. तेल जहाजात भरून आणता येते. वायूला वाहिनी लागते आणि वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक लागते. ही व्यवस्था पुरी होईपर्यंत वायूचा मोठा हिस्सा समुद्रावरच जाळून टाकला जात असे. त्या ज्योतींवरून त्या काळी बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती, कारण देशाचे धन डोळ्यांदेखत जळत होते. पण जळताना दिसत होते म्हणून तरी टीका झाली. न जळता जो वायू सांध्यांतून, व्हॉल्व्हमधून, टाक्यांच्या तोंडातून, विझलेल्या ज्योतीच्या नळीतून निसटतो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. घरच्या सिलिंडरची गळती आपल्याला कळते ती त्यात मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासाच्या द्रव्यामुळे. विहिरीतून येणाऱ्या वायूत असे काही कोणी मिसळलेले नसते.

मिथेन जळून गेला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तोही वातावरण तापवितोच. परंतु न जळता निसटलेला मिथेन वजनास वजन १०० वर्षांच्या हिशेबाने त्याच्या सुमारे ३० पट आणि २० वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. तो वातावरणात सुमारे १२ वर्षे टिकतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत मिथेनचे सुमारे ०.७ भाग होते. आज ते १.९ भागांच्या वर गेले आहेत. आयुष्य थोडे आणि ताप मोठा, असा हा वायू असल्यामुळे त्याची गळती आज थांबविली, तर तिचा गुण एका पिढीच्या आतच दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत अशी सोय नाही.

गुणकांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गळती किती, हे आजवर ठरविले कसे? बहुतेक देशांत आणि बहुतेक कंपन्यांत ही रीत अशी. एखाद्या केंद्रावर व्हॉल्व्ह किती, सांधे किती, कॉम्प्रेसर किती, टाक्या किती, याची यादी करावयाची. प्रत्येक प्रकारच्या वस्तूतून वर्षाला सरासरी किती वायू गळतो, याचा एक गुणक पूर्वी कधीतरी थोड्या ठिकाणी मोजून ठरविलेला असतो. यादीतील संख्येला त्या गुणकाने गुणावयाचे आणि बेरीज करावयाची. ती बेरीज म्हणजे गळती. या हिशेबासाठी कोणाला विहिरीजवळ जावे लागत नाही. कार्यालयात बसून तो पुरा करता येतो. साऱ्या सांध्यांची निगा उत्तम राखणारे केंद्र आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षित असलेले केंद्र, या दोहोंची यादी सारखी असेल, तर या हिशेबात दोघांची गळतीही सारखीच निघते.

यात लबाडी आहे असे माझे म्हणणे नाही. मोजण्याची साधने महाग आणि अवजड होती, तेव्हा गुणकांवाचून गत्यंतर नव्हते. पैसेवारीतही प्रत्येक शेताचे पीक तोलणे शक्य नसते. परंतु तेथे नजरअंदाजानंतर पीक कापणीचे प्रयोग होतात. ठरावीक क्षेत्रातील पीक कापून, मळून, तराजूत घालून पाहिले जाते आणि मगच अंतिम आकडा ठरतो. वायूच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी नजरअंदाज हाच अंतिम ठरत आला.

जेथे प्रत्यक्ष मोजणी झाली, तेथे काय आढळले? अमेरिकेतील अनेक संशोधकांनी मिळून विहिरीपासून शहरातील वाहिनीपर्यंतच्या गळतीचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकंदर गळती वर्षाला सुमारे १ कोटी ३० लक्ष टन, म्हणजे काढलेल्या वायूच्या २.३ टक्के निघाली. सरकारी हिशेबापेक्षा हा आकडा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सांगितले, की जगभरच्या ऊर्जाक्षेत्रातून निसटणारा मिथेन निरनिराळ्या सरकारांनी कळविलेल्या आकड्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त असावा. ज्योतींचीही तीच कथा. ज्योतीत ९८ टक्के मिथेन जळून जातो, असे हिशेबात धरले जाते. विमानांतून प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा विझलेल्या आणि नीट न जळणाऱ्या ज्योती जमेस धरून हे प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपास भरले. दोन टक्क्यांच्या जागी नऊ टक्के निसटणे म्हणजे चौपटीहून अधिक फरक.

सर्वांत डोळे उघडणारे उदाहरण खतांचेच आहे. २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी रस्त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या मोटारीवर मिथेन ओळखणारे यंत्र बसवून अमेरिकेतील सहा अमोनिया खत कारखान्यांच्या बाजूने ती फिरविली. त्या साऱ्या उद्योगाने स्वतः कळविलेली गळती वर्षाला सुमारे २०० टन होती. मोजणीवरून काढलेला अंदाज सुमारे २८ हजार टनांचा निघाला, म्हणजे शंभर पटींहून अधिक. पैसेवारीत असा फरक पडला असता, तर तालुका पेटून उठला असता.

सरासरी कोठे फसते

इतका फरक का पडतो, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज समजावे. गळती सर्व सांध्यांत सारखी वाटलेली नसते. अनेक पाहण्यांत असे आढळले आहे, की सर्वांत मोठ्या पाच टक्के गळत्या एकूण गळतीच्या निम्म्याहून अधिक वायू बाहेर टाकतात. गावातील शंभर घरांपैकी पाच घरांत निम्मी मिळकत असेल आणि आपण दहाच घरे पाहून सरासरी काढली, तर त्या दहांत श्रीमंताचे घर न येण्याचाच संभव अधिक. मग गाव कागदावर गरीब दिसते. गुणक ज्या थोड्या ठिकाणांवरून बेतले जातात, तेथे हेच होते. शिवाय मोठी गळती नेहमी चालू नसते. एखाद्या टाकीचे झाकण आठ दिवस उघडे राहते, एखादी ज्योत रात्रीच्या वाऱ्यात विझते, आणि पाहणीच्या दिवशी सारे ठाकठीक असते.

म्हणून आता मोजणी एकाच साधनावर सोडीत नाहीत. जवळून मोजण्यासाठी साबणाच्या पाण्यापासून अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्यापर्यंत साधने आहेत. डोळ्यांना न दिसणारा वायू या कॅमेऱ्यात धुरासारखा दिसतो. गळणाऱ्या सांध्याला ठरावीक मापाची पिशवी लावून ती किती वेळात फुगते, हे पाहण्याची साधी रीतही आहे. दुरून मोजण्याची रीत कालव्याच्या पाण्यासारखी आहे. कालव्याच्या मुखाशी किती पाणी सुटले आणि शेवटच्या चारीला किती पोचले, हे मोजले की मधल्या झिरपण्याचा हिशेब लागतो. तसेच केंद्राकडे येणाऱ्या वाऱ्यातील मिथेन आणि केंद्रावरून पुढे जाणाऱ्या वाऱ्यातील मिथेन मोटारीतून किंवा विमानातून मोजून, त्या फरकाला वाऱ्याच्या वेगाची जोड दिली, की त्या केंद्राची एकूण गळती कळते. कोणता सांधा गळतो, हे या रीतीने कळत नाही, पण एकही गळती हिशेबाबाहेर राहत नाही. कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथील वायूची भूमिगत साठवण ऑक्टोबर २०१५ पासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत फुटून वाहत होती. तेथून सुमारे एक लक्ष टन मिथेन निसटला, हे अशाच विमानी मोजणीतून कळले.

तिसरी पायरी उपग्रहांची. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातील काही किरण मिथेन शोषून घेतो. ते किती कमी झाले, यावरून वायूचे प्रमाण काढता येते. २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ हा उपग्रह रोज जवळजवळ सारी पृथ्वी पाहतो. त्याच्या आणि अधिक बारीक नजरेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली व लाहोर यांच्याबरोबर मुंबईचेही नाव होते. मुंबईच्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे १० टन मिथेन बाहेर पडताना आढळला. महाराष्ट्राच्या आकाशातून मिथेनची मोजणी होऊ शकते आणि झालेलीही आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु समुद्रावर ही नजर मंद होते. पाणी ते किरण शोषून घेते, त्यामुळे उपग्रहाला समुद्र काळा दिसतो. सूर्याचे प्रतिबिंब ज्या कोनातून चमकते, नेमक्या त्या कोनातून पाहिले तरच काही हाती लागते. मेक्सिकोच्या आखातातील एका तेलकेंद्रावर डिसेंबर २०२१ मध्ये १७ दिवस वायू न जळता सुटत होता. सुमारे ४० हजार टन मिथेन गेला, हे उपग्रहांच्या अशाच पाहणीतून पुढच्या वर्षी जगाला कळले. मुंबई हायसुद्धा भर समुद्रात आहे. तेव्हा तेथील मोजणी केवळ आकाशावर सोपवून भागणार नाही. जहाज, विमान आणि प्रत्यक्ष केंद्रावरील कॅमेरा यांचाच आधार तेथे घ्यावा लागेल.

धोक्याची घंटा आणि हिशेबाची वही

येथे एक आक्षेप येईल, की तेलकेंद्रांवर वायू ओळखणारी यंत्रे तर पूर्वीपासून आहेत. ती आहेत, आणि हवीतच. परंतु ती स्फोट टाळण्यासाठी असतात. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल, तर ठिणगीने स्फोट होतो. म्हणून सामान्यतः त्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाला, म्हणजे हवेत एक टक्का मिथेन झाला, की घंटा वाजते. हे प्रमाण नेहमीच्या हवेतील मिथेनच्या सुमारे पाच हजार पट आहे. समुद्रावरच्या वाऱ्यात रात्रंदिवस पातळ होऊन जाणारी गळती ती घंटा कधीच वाजवणार नाही.

आमच्या नागपूर जिल्ह्याला हा फरक कोळशाच्या खाणींवरून समजावा. सावनेर, सिल्लेवाडा या भागांतील भूमिगत खाणींत वायू मोजण्याची शिस्त कायद्याने घालून दिलेली आहे. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये सुरक्षित दिवा तयार केला, तेव्हापासून ज्योतीभोवतीच्या निळसर कडीवरून मिथेन ओळखण्याची विद्या खाणकामगारांच्या पिढ्यांनी जपली. आज तेथे यंत्रे आहेत. हवेत मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला, तर माणसे बाहेर काढावी लागतात. टनामागे किती घनमीटर वायू सुटतो, यावरून खाणींचे तीन वर्ग पाडलेले आहेत. ही मोजणी इतकी काटेकोर का? कारण चूक झाली, तर खाली माणसे मरतात आणि ती कोण होती, हे सर्वांना माहीत असते. पण तोच वायू मोठ्या पंख्याने खाणीबाहेर फेकला, की सुरक्षेचा हिशेब तेथेच संपतो. ज्या हानीला चेहरा आहे, ती आपण मोजतो. जी साऱ्यांत वाटली जाते, ती कोणाच्याच वहीत येत नाही. बाह्य परिणामाची व्याख्या पुस्तकात वेगळ्या शब्दांत दिलेली असेल, पण तिचा आशय हाच आहे.

मग बाजार काय करतो?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी पुढे विचारील, की निसटणारा वायू विकाऊ माल आहे. मग मालक स्वतःच्याच लाभासाठी गळती का थांबवीत नाही? प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या जुन्या क्षेत्रांतील वायूच्या दरावर दहा लक्ष ब्रिटिश औष्णिक एककांमागे ६.५ डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. एक टन मिथेनमध्ये अशी सुमारे ५० मापे उष्णता असते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर एका टनाची किंमत २७ हजार रुपयांच्या घरात जाते. मेक्सिकोच्या त्या १७ दिवसांतील वायू या दराने शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीचा होता. कोळसा, तेल आणि वायू यांच्या उद्योगांतून निसटणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ४० टक्के गळती निव्वळ खर्च न येता थांबविता येईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२४ मधील अंदाज होता. दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या वायूच्या किमतीतून भरून निघतो, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही ती थांबत नाही, याची कारणे साधी आहेत. पहिले, जी गळती वहीत दिसतच नाही, तिच्यावर खर्च मागायला कोणता अधिकारी वरिष्ठांकडे जाईल? दुसरे, केंद्रावरील अधिकाऱ्याचे मूल्यमापन निघालेल्या तेलाच्या पिंपांवरून होते. वाचविलेल्या वायूचे श्रेय त्याच्या पदरात पडत नाही. तिसरे, वाहिनीची कंपनी पुष्कळदा वायूची मालक नसते, ती नुसती हमाली घेते. माल थोडा कमी पोचला तर तोटा दुसऱ्याचा. आणि चौथे, ज्याने गळतीचा आकडा सांगावयाचा, आकडा लहान असण्यात त्याचाच लाभ असतो. आमच्याकडे संत्र्याची बाग उभी विकताना व्यापारी झाडांवर नजर टाकतो आणि फळे किती असतील ते सांगतो. त्याची नजर अनुभवी असते, यात शंका नाही. पण त्या नजरेतून बागवानाला जास्त भाव मिळाल्याचे माझ्या माहितीत नाही. माझ्या वडिलांनी एक वर्ष बाग न विकता फळे स्वतः तोडून मोजली. त्यानंतर आमच्या बागेबद्दल व्यापाऱ्यांची नजर बरीच सुधारली.

आपला आकडा आपणच मोजावा

भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे पुढे आलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही केली नाही. २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटविण्याची ती प्रतिज्ञा आहे. सही न करण्याचे कारण समजण्यासारखे होते. देशाच्या २०१६ सालच्या हिशेबानुसार आपला सुमारे ७४ टक्के मिथेन शेती व जनावरांकडून येतो, १४ टक्के कचऱ्यातून आणि ऊर्जाक्षेत्रातून जेमतेम ११ टक्के. ज्या शेतकऱ्याच्या दावणीला दोन बैल आणि एक गाय आहे, त्याच्यावर या प्रतिज्ञेचे ओझे घालू नये, ही भूमिका मला मान्य आहे. पण तिच्यातूनच पुढची गोष्टही निघते. गायीचा रवंथ पान्याने घट्ट करता येत नाही. व्हॉल्व्ह करता येतो. शेतकऱ्याच्या मिथेनला जगण्याची निकड म्हणून सूट मागावयाची असेल, तर तेलकेंद्राच्या मिथेनला तीच सूट अलगद मिळता कामा नये. शिवाय ते ११ टक्केही बव्हंशी गुणकांचेच उत्पन्न आहेत. इतर देशांत मोजल्यावर आकडा वाढला. आपला वाढेल की घटेल, हे मोजल्यावाचून सांगता येणार नाही.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिथेनच्या पुनर्वापरासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भागीदारीचा भारत संस्थापक सदस्य होता. ओएनजीसीने २००७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी करार करून गळती शोधण्याच्या कार्यक्रमात भाग घेतला आणि काही केंद्रांवर प्रत्यक्ष तपासणीही झाली. म्हणजे विद्या अपरिचित नाही. आता तिला सवयीचे आणि नियमाचे रूप यावयास हवे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक साहाय्यासाठी निवड केली. वाढलेले उत्पादन तेथे काटेकोरपणे मोजले जाईल, कारण त्यावर मोबदला ठरावयाचा आहे. मग त्याच वेळी, त्याच केंद्रांवर गळतीही मोजून घेण्यास याहून चांगली वेळ कोणती?

माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. मुंबई हाय, उरण आणि तेथून निघणाऱ्या वाहिन्यांवर दरवर्षी निदान एकदा जवळून आणि दुरून अशा दोन्ही रीतींनी मोजणी व्हावी, आणि दोहोंत तफावत आली, तर तिचे कारण शोधले जावे. ही मोजणी उत्पादकाबाहेरच्या संस्थेने करावी. नागपुरातच १९५८ पासून ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत आयआयटी आहे. विद्यापीठांचे विज्ञान विभाग कामाच्या शोधात आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध व्हावेत आणि सापडलेली गळती किती दिवसांत बुजवावी, याची मुदत नियमाने ठरावी. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असा कायदा केला आहे आणि पुढे आयात वायूकडेही टप्प्याटप्प्याने तोच हिशेब मागण्याचे ठरविले आहे. आपणही निम्म्याच्या आसपास वायू बाहेरून विकत घेतो. आपल्या विहिरींचा चोख हिशेब आपल्यापाशी असेल, तरच परक्या विकणाऱ्याकडे तो मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.

याला पैसा लागेल, हे खरे. परंतु ओएनजीसीत सर्वांत मोठी मालकी सरकारची, म्हणजे शेवटी जनतेची आहे. निसटणारा वायू जनतेचा, त्यातून तापणारी हवा जनतेची, आणि युरिया महाग पडला तर अनुदानही जनतेच्याच तिजोरीतून जाते. तीन ठिकाणी ज्याचे नुकसान होते, त्याने एका मोजणीचा खर्च मागितला, तर त्यात उधळपट्टी कसली?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या विद्यार्थ्याला उत्तर दिले. म्हटले, फळ्यावरचे आकडे मोजलेले होते, पण ते अमेरिकेचे होते. आपल्या समुद्रातील आकडा बहुतांशी यादी आणि गुणक यांचा आहे. तो क्षणभर विचार करून म्हणाला, “पैसेवारी चुकली तर निदान हरकत घेता येते, सर.” त्याचे म्हणणे बरोबर आहे. गावची पैसेवारी जाहीर होते, तिच्यावर हरकती मागविल्या जातात, प्रसंगी पीक पुन्हा कापून पाहिले जाते. समुद्रातील गळतीच्या आकड्यावर हरकत घ्यावयाची, तर आधी कोणीतरी तो मोजला पाहिजे आणि चावडीवर लावला पाहिजे.